रिव्हर्सचा उजेड वाढवायचा, तर बल्ब बदलावा, पॉड लावावेत की वर बार?

पावसाळ्यात कोकणातल्या एकेरी रस्त्यावर रात्री समोरून एसटी आली, की मागे घ्यायची आपणच. मागे चर, चरापलीकडे जांभ्याचा गडगा आणि काचेवर चिखल. त्यात थारच्या मागच्या दारावर स्टेपनी लटकलेली, म्हणजे आतल्या आरशात मधलं निम्मं चित्र गायब. कॅमेरा बसवलेला असला तरी अंधारात तो नुसती खरखर दाखवतो. त्यालाही उजेड लागतोच.

सगळ्यात सोपं म्हणजे मूळ दिव्यातला बल्ब काढून एलईडी घालणं. काम दहा मिनिटांचं, तार कापायची नाही, वॉरंटीची कटकट नाही. खाचेत दाबून बसणारा बल्ब असेल आणि लागला नाही, तर उलटा करून बसवा, बहुतेक वेळा लागतो. पण फार आशा ठेवू नका. दिव्याच्या आतला आरसा तारेच्या बल्बसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उगम जरा सरकला तरी उजेड भलतीकडे फाकतो, आणि वेष्टनावर छापलेले ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, तिथेच राहतात. सोसायटीचं पार्किंग आणि अधूनमधून गावची वाट एवढाच वापर असेल, तर इथेच थांबा.

दुसरा पर्याय वर कॅरिअरवर लांब बार, म्हणजे एलईडी दिव्यांची पट्टी. उंचावरून उजेड लांब जातो, तंबू ठोकताना मजा येते. पण रिव्हर्स घेताना लांबचं बघायचंच नसतं. बघायचं असतं मागच्या चाकाजवळचं. वरून येणारा उजेड स्टेपनीवर आपटतो आणि तिची सावली नेमकी तिथेच पडते. धुक्यात तर समोर पांढरा पडदाच. शिवाय हे बार बहुधा हाताच्या स्विचवर असतात, आणि कॅम्पवरून निघताना बंद करायचा विसरला, की घाटात मागून येणारा आंधळा होतो. मागच्या बाजूला पांढरा उजेड फक्त रिव्हर्सपुरता, एवढी शिस्त रस्त्यावर पाळायलाच हवी.

राहिले छोटे पॉड, म्हणजे सुटे एलईडी दिवे, बंपरच्या दोन टोकांना. माझं मत यांच्याच बाजूने आहे, पण जागा नीट निवडली तर. बंपरखाली लावलेले पॉड पहिल्याच मोठ्या दगडावर जातात. बंपरमध्येच भोक पाडून चपटे बसवलेले टिकतात. स्टेपनीच्या दोन्ही बाजूंनी उजेड येतो, म्हणून मधली सावली कमी होते. झोत पसरट घ्या, टोकदार नको. नव्या थारची पाण्यात उतरायची कंपनीने दिलेली मर्यादा 650 मिमी आहे. तेवढ्या पाण्यात बंपर बुडतोच, तेव्हा आयपी67 पेक्षा कमी दर्जाचा दिवा घेऊ नका. आयपी67 म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग. मात्र दिवा तगतो आणि जोड सडतो, हा नेहमीचा अनुभव. जोड टेपने न गुंडाळता वॉटरप्रूफ कपलरने करा.

आता खरी गोष्ट वायरिंगची. 21 वॅटच्या एका रिव्हर्स बल्बला 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात. त्याच तारेवर 18 वॅटचे दोन पॉड जोडले, की आणखी 3 अँपिअर. काही इलेक्ट्रिशियन ‘काही होत नाही साहेब’ म्हणत तिथेच तार सोलतात. होतं. फ्यूज उडतो, नाहीतर नव्या गाडीत दिवे सांभाळणारं कंट्रोल मॉड्यूल रुसतं, आणि ते फ्यूजएवढं स्वस्त नसतं. रिले घाला, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिव्हर्सची तार फक्त रिलेच्या 85-86 या पिनांवरच्या कॉइलला जाते, ती अँपिअरचा किरकोळ भाग खाते. पॉडचा करंट बॅटरीवरून फ्यूजमधून 30 नंबरच्या पिनवर येतो आणि 87 मधून मागे जातो. फ्यूज बॅटरीजवळच हवा. मागे लावलेला फ्यूज पुढच्या चार मीटर तारेला वाचवत नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

कॅम्पवरही तेच दिवे हवे असतील, तर तीन जागांचा स्विच घ्या: एका बाजूला रिव्हर्स, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला हाताने. साधा स्विच लावून दोन्ही तारा एकत्र पिळल्या, तर हाताने दिवे लावताच करंट उलटा जाऊन मूळ रिव्हर्स दिवेही पेटतात, आणि मागचा समजतो गाडी मागे येतेय. हाताची बाजू इग्निशनवरूनच द्या, म्हणजे सकाळी बॅटरी उतरलेली सापडणार नाही.

रंग 6000 केल्व्हिनचा निळसर पांढरा दुकानात भारी दिसतो. ओल्या तांबड्या मातीवर मला 4000-5000 च्या आसपासचा, कमी निळसर, जास्त उपयोगी वाटला. खड्डा आणि ओलावा वेगळे कळतात. बोल्ट शेवटचे आवळण्याआधी रात्री गाडी मोकळ्या जागी न्या, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून रिव्हर्स टाका आणि मागे दहा पावलांवर उकिडवे बसा. डोळे दिपले तर पॉड खाली झुकवा.