किनाऱ्यावर सोलर: साधं ऑन-ग्रिड की बॅटरीवालं?

रत्नागिरीत सोलरचा विषय काढला की पहिली शंका पावसाची. चार महिने ऊन नाही, मग पॅनेल करणार काय? ही शंका हिशेबात बरीचशी सुटते. ३ किलोवॉटची सिस्टीम लख्ख उन्हात दिवसाला १२ युनिटांच्या आसपास देते. आषाढात निम्मी किंवा त्याहूनही कमी. पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज लाईनवर देऊन बिलातून वळती करून घेण्याच्या सोयीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि हिशेब ३१ मार्चला मिटतो. एप्रिल-मेची शिल्लक जुलैत कामी येते. आता मे महिन्यात घरात एसी आणि मुंबईचे पाहुणे दोन्ही असतील तर शिल्लक काय राहणार, ते ज्याचं त्याने बघावं.

खरा प्रश्न आहे तो लाईट गेल्यावरचा. ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट वीज कंपनीच्या लाईनला जोडलेली सिस्टीम वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ती सोयच तशी असते. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या काही गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. तेव्हा अशा पॅनेलचा उपयोग शून्य. हायब्रिड, म्हणजे लाईनला जोडलेली पण बॅटरीवाली सिस्टीम, बॅटरीवर निदान फ्रिज, पंखे चालवते. मात्र केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते ती पॅनेलवर. बॅटरीचा खर्च सगळा आपला, आणि ती पॅनेलइतकी टिकतही नाही.

माझं मत: घरात मशीनवर असलेला रुग्ण असेल, किंवा विहिरीचा पंप हाच पाण्याचा एकमेव आधार असेल, तर हायब्रिड घ्या आणि बॅटरी पंप ओढेल एवढी आहे ना, ते आधी विचारा. बाकीच्यांनी ऑन-ग्रिड बसवून घरातला जुना इन्व्हर्टर तसाच ठेवावा.

वाचलेले पैसे स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनेलच्या सांगाड्यावर घाला. इथे कोटेशनमध्ये घासाघीस करू नका. खारी हवा साधे नट-बोल्ट बघता बघता खाते. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लेखी मागा. गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड असेल तर पॅनेल पत्र्याच्या हुकांवर टेकवू देऊ नका, भार खालच्या लोखंडी पाइपांवर आला पाहिजे. कौलारू छपरावर वासे आधी सुताराला दाखवा. माडाची सावली दुपारी कुठे पडते तेही पाहा. धुण्याचं काम उन्हाळ्यात जास्त, कारण खाऱ्या थरावर लाल धूळ बसते. पावसात ते आपोआप होतं, फक्त खालच्या कडेला शेवाळ धरतं.

फ्लॅटवाल्यांना गच्ची सामाईक, त्यामुळे सोसायटीच्या ठरावाशिवाय पान हलत नाही. लिफ्ट-पंपाच्या सामाईक बिलासाठी सोसायटीनेच बसवलं तर सोपं जातं.

आणि गणपती, शिमगा, मे एवढ्यापुरतंच उघडणारं घर असेल तर तूर्त थांबाच. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण बिलात भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो.