उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोल्हापुरात मोकळ्या हवेत कुठे खावे-प्यावे

कोल्हापूरला येणारा पाहुणा बहुधा तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळ एवढे दोनच बेत मनाशी ठरवून येतो, आणि ऐन एप्रिल-मे महिन्यात बंदिस्त खानावळीत घाम पुसत जेवून परत जातो. या दोन्ही पदार्थांविषयी माझे काहीही वाकडे म्हणणे नाही. परंतु उन्हाळ्यात या शहराचा पाहुणचार घ्यायचा असेल तर तो छपराखाली नव्हे, मोकळ्या हवेत घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 फुटांवर आहे आणि पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग फार दूर नाही. त्यामुळे दुपारी पारा 37-38 अंशांपर्यंत चढला, तरी दिवस कलताच पश्चिमेचा वारा सुटतो आणि रात्र पुष्कळशी सुसह्य होते. वातानुकूलित खोलीत बसून हा वारा दवडणे म्हणजे कोल्हापूरचा अर्धा उन्हाळा न अनुभवताच निघून जाणे होय. पुढील ठिकाणांची पारख करताना मी चवीइतकेच महत्त्व वाऱ्याला, टेकायला मिळणाऱ्या जागेला आणि भांड्यांच्या व पाण्याच्या स्वच्छतेला दिले आहे.

दुपारपासूनच सुरुवात करायची तर ती रसवंतीगृहापासून करावी. उसाच्या जिल्ह्यात रस प्यायचा तर एखादे विशिष्ट दुकान शोधत फिरण्याची गरज नाही. शहरातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर झापाचा मांडव, दोन बाकडी आणि घुंगरू बांधलेला चरक दिसतो. मात्र चांगली रसवंती ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ऊस सोलून, धुऊन, ओल्या कापडाखाली झाकून ठेवलेला असावा, उन्हात उभा केलेला नसावा. चरकातून एकदा निघालेले कांडे दुमडून, त्यात आल्याचा तुकडा आणि अर्धे लिंबू घालून पुन्हा आत सारणारा रसवाला आपले काम जाणतो, कारण लिंबाची साल उसाबरोबर चिरडली गेली की रसाला जो किंचित कडवट वास येतो, त्याने निव्वळ गोडपणाचा कंटाळा निघून जातो. गाळणी आणि खालचे भांडे डोळ्यांसमोर धुतले जात नसेल, किंवा चरकाभोवती माश्या घोंगावत असतील, तर तेथे थांबू नये. बर्फाविषयी माझा आग्रह याहून कडक आहे. बर्फ कोणत्या पाण्याचा आणि कशासाठी तयार केलेला, हे गिऱ्हाईकाला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून बिनबर्फाचा रस मागावा आणि तो ग्लासात पडताक्षणी प्यावा, कारण थोडा वेळ जरी ठेवला तरी तो काळपट पडतो आणि त्याची चव उतरते.

संध्याकाळी पावले आपोआप रंकाळ्याकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. अंबाबाईच्या मंदिरापासून पश्चिमेला चालत जाता येईल इतक्या अंतरावर एवढा विस्तीर्ण तलाव असणे हे या शहराचे भाग्य आहे. मे महिन्यात सूर्य साधारण सात वाजता मावळतो. त्याआधी निदान अर्धा तास पोहोचून शहराच्या बाजूच्या काठावर जागा धरली, तर समोर पाणी, त्यात उभा असलेला दगडी संध्यामठ, एका अंगाला शालिनी पॅलेसचा मनोरा आणि पाण्यावरून येणारा वारा असे सगळे एका जागी मिळते. चौपाटीवरच्या गाड्यांवर भेळ, पाणीपुरी, रगडा, भाजलेली कणसे, बर्फाचे गोळे असा नेहमीचा मेळा असतो. खरे सांगायचे तर केवळ चवीवर गुण द्यायचे झाले, तर रंकाळा पहिला येणार नाही. येथील पदार्थ सर्वसाधारण आहेत. गर्दीच्या दिवशी तर घाईत बनवलेले जाणवतात. त्यातल्या त्यात निखाऱ्यावर भाजून, लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळून दिलेले कणीस घ्यावे, कारण ते आपल्यासमोर विस्तवावर तयार होते आणि हातात धरून काठाने चालता येते. गोळा मी सुचवणार नाही. बर्फाबद्दलचे कारण वर आलेच आहे. पाण्याचा प्रश्नही लपवण्यात अर्थ नाही. रंकाळ्यात मिसळणारे सांडपाणी आणि वाढणारी जलपर्णी यांविषयी शहर अनेक वर्षे बोलत आले आहे, आणि वारा पडलेल्या संध्याकाळी काही भागांत वास जाणवू शकतो. अशा वेळी काठाला चिकटून न बसता जरा पुढे, पदपथ उद्यानाच्या बाजूला सरकावे. रविवार टाळावा, मधल्या वारी हाच काठ निम्म्याने मोकळा असतो आणि वयस्कर माणसांना बसायला जागा मिळते.

चवीसाठी मात्र खासबागेकडे यावे लागते. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले, 1912 मध्ये पूर्ण झालेले खासबागचे कुस्ती मैदान आणि त्याच्या शेजारी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह, या दोन वास्तूंच्या आधाराने तेथील खाण्यापिण्याचा व्यवहार वाढला. कुस्ती बघून आलेला आणि नाटक बघून आलेला, असे दोन्ही प्रकारचे भुकेले लोक रात्री एकाच गाडीपुढे उभे राहत. ऑगस्ट 2024 मधील आगीत नाट्यगृहाची मोठी हानी झाली, हे कोल्हापूरकरांच्या मनाला लागलेले आहे. खाऊगल्लीलाही नाटकाच्या गर्दीचा मोठा आधार होता.

येथील राजाभाऊंची भेळ साऱ्या शहराला ठाऊक आहे आणि तिचे नाव उगाच झालेले नाही. कोल्हापुरी भेळ मुंबईच्या भेळेपेक्षा वेगळी लागते ती प्रथम चिरमुऱ्यांमुळे. येथील चिरमुरे चटकन मऊ पडत नाहीत, त्यामुळे चिंच-गुळाचे पाणी घातल्यावरही दाताखाली कुरकुरीतपणा शिल्लक राहतो. हात किती चटकन चालतो यावर भेळेचे सारे अवलंबून असते: चिरमुरे, फरसाण, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, वर आंबट-गोड पाणी आणि तिखट, पातेल्यात मोजकेच चार-सहा हात मारले की लगेच कागदावर. जास्त वेळ कालवली तर लगदा होतो आणि कमी कालवली तर तळाशी नुसते पाणी उरते. उन्हाळ्यात वर पडणारी कच्च्या कैरीची चिरी हा या दिवसांतला विशेष, आणि ती दोन चिमूट जास्त मागून घेण्यात संकोच करू नये. भेळ हातात पडल्यावर बोलत बसू नये, आधी ती संपवावी. बसण्याची सोय बेताचीच असते, उभ्यानेच खावे लागते, आणि संध्याकाळी सातनंतर वाहने लावायला जागा मिळत नाही. म्हणून भवानी मंडपाच्या बाजूने पायी येणे उत्तम. भेळेनंतर तोंड भाजलेच तर लिंबू-सोडा जवळपास मिळतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे उंच ग्लासात फळांचे तुकडे, जेली आणि आईस्क्रीमचे गोळे रचून दिले जाणारे कॉकटेल आईस्क्रीम. सोळंकींचे कॉकटेल शहरात नावाजलेले आहे. एक ग्लास दोघांना पुरतो, आणि लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाने तो चुकवू नये.

हाताशी वाहन आणि मोकळी दुपार असेल, तर पन्हाळ्याचा पर्याय शहरातल्या बहुतेक ठिकाणांहून सरस आहे. अंतर सुमारे 20 किलोमीटर आणि गडाची उंची सुमारे 3,100 फूट, म्हणजे हवेत शहरापेक्षा दोन-अडीच अंशांचा फरक सहज पडतो आणि वारा तर कितीतरी अधिक. गडावर चुलीवरचे पिठले किंवा झुणका, ज्वारीची वा नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि दही असे जेवण मिळते. भाकरी मागणीनुसार थापली जाते की आधीच करून फडक्यात गुंडाळलेली आहे, एवढे विचारून मग बसावे. तव्यावरून निखाऱ्यावर टाकून फुगवलेली भाकरी आणि तासाभरापूर्वीची भाकरी यांत जेवणाचा सगळा फरक असतो. नाचणीची गरम भाकरी मोडताना तिची वाफ बोटांना लागते, आणि तीवर दही घेतले की ठेच्याचा तिखटपणा सोसवतो. पुसाटी बुरूज आणि तीन दरवाजाच्या बाजूला मसाई पठाराकडून येणारा वारा थेट अंगावर येतो, म्हणून जेवण तिकडे घ्यावे. वाटेवर मे महिन्यात करवंदांचे आणि जांभळांचे द्रोण घेऊन बसलेल्या बायका भेटतात. त्यांच्याकडून घासाघीस न करता घ्यावे, कारण काटेरी जाळीतून एकेक करवंद वेचण्याचे कष्ट त्या द्रोणाच्या किमतीत कधीच भरून निघत नाहीत. एक सावधगिरी मात्र पाळावी: एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव अचानक कोसळतो, विजा चमकतात, आणि गडावरच्या उघड्या बुरुजावर त्या वेळी थांबणे धोक्याचे असते. पश्चिमेला ढग काळे दिसू लागले की जेवण अर्धे राहिले तरी आडोशाला यावे.

आता ज्या ठिकाणाला मी सर्वांत वर ठेवतो, त्याविषयी. गंगावेशचा दूध कट्टा हे मोकळ्या हवेतले असे पेयस्थान आहे, ज्याच्या तोडीचे दुसरे मला कुठल्याही शहरात आढळलेले नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी शेजारी बसलेला असतो, आणि आपण मागणी केली की तो म्हशीच्या कासेखाली ग्लास धरून त्यातच धार काढतो. दूध आणि पिणारा यांच्यामध्ये पातेले, पिशवी, शीतपेटी असे काहीही नसते. धार जोरात पडते, त्यामुळे ग्लास आधी फेसानेच भरतो. जाणकार गवळी क्षणभर थांबतो, फेस बसू देतो आणि पुन्हा धार सोडून ग्लास काठोकाठ भरून देतो. दूध म्हशीच्या अंगाच्या उबेचे असते, साखर न घालताही गोडसर लागते आणि वरच्या फेसाला एक हलका, गवताची आठवण देणारा वास असतो. उन्हाळ्यात गरमसर दूध कोण पिणार, असे वाटणे साहजिक आहे. पण रात्री नऊनंतर पंचगंगेच्या बाजूने वारा येऊ लागला की हेच दूध अंगाला निववणारे वाटते आणि पोट जड होत नाही.

हे शक्य होते ते पंढरपुरी जातीमुळे. कोल्हापूर, सोलापूर, सांगली या पट्ट्यातली ही म्हैस तिच्या खांद्यांच्याही मागे जाणाऱ्या लांब, तलवारीसारख्या शिंगांवरून लगेच ओळखू येते. अनेक जनावरे गोठ्याबाहेर, गर्दीत, अनोळखी माणसांसमोर पान्हा चोरतात. ही म्हैस मात्र सवयीने रस्त्यावर उभी राहून थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पान्हा सोडते. त्यामुळे एकाच म्हशीची धार एकाच वेळी न काढता, गिऱ्हाईक येईल तशी काढता येते. तालमींच्या या शहरात पहिलवानांनी या कट्ट्याला मोठे केले, हेही विसरता येत नाही. गंगावेश तालीम जवळच आहे, आणि मेहनत करून आलेला तरुण एका दमात मोठा पेला रिकामा करताना आजही दिसतो. त्याच्या शेजारी औषधाच्या पिशव्या हातात असलेले आजोबा आणि नातवाला खांद्यावर घेतलेला बाप असतो. कोणी कोणाला घाई करत नाही.

तरीही परीक्षण म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे लिहिल्या पाहिजेत. हे दूध कच्चे असते. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस किंवा क्षयरोगासारखे आजार होऊ शकतात, हे वैद्यकीय सत्य आहे. म्हणून गर्भवती स्त्रिया, लहान मुले, आणि दीर्घ आजारातून उठलेली माणसे यांनी ते तेथे पिऊ नये, घरून चरवी आणून समोर काढलेले दूध न्यावे आणि तापवून प्यावे. इतरांनीही गवळ्याने कास आणि हात धुतले आहेत का, हे पाहावे आणि शक्य तर स्वतःचा पेला न्यावा. एकाच बादलीत बुडवून काढलेले ग्लास ही या कट्ट्याची सर्वांत कच्ची बाजू आहे. भेळ-मिसळीवर लगेच दूध पिऊ नये. खासबागेहून आल्यास दोनेक तासांचे अंतर ठेवावे. आणि वाहन दूर लावून चालत यावे, कारण भोंग्याच्या आवाजाने बिथरलेली म्हैस दूध देत नाही आणि त्याचा तोटा गवळ्याला सोसावा लागतो.

या कट्ट्याला सुशोभीकरणाची गरज नाही, मात्र दोन-तीन साध्या सोयींची नितांत गरज आहे. वाहत्या पाण्याचा एक नळ, शेण-मूत्र लगेच धुऊन जाईल अशी फरशी व गटार, रात्रीच्या ठरावीक वेळेत त्या तुकड्यावर वाहनांना बंदी, आणि म्हशींची नियमित पशुवैद्यकीय तपासणी करून तिचा दाखला गिऱ्हाइकाला दिसेल असा लावणे. शहराच्या मध्यवस्तीत गोठ्याला जागा उरत नाही, वैरणीचे दर वाढत आहेत, आणि गवळ्यांची पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात जात आहे. अशा वेळी जो गवळी अजून म्हैस घेऊन रस्त्यावर येतो, त्याला त्याच्या ग्लासाचा पूर्ण दाम सुट्या पैशांत, न कुरकुरता द्यावा.