खेळत राहावं की बड्या क्लबच्या बाकावर बसावं? दोन गोलकीपर, दोन वाटा

व्यावसायिक गोलकीपरपुढे कधीतरी दोन करार येतात. एक छोट्या क्लबचा: पगार बेताचा, मुदत वर्षभराची, पण सामना नक्की. दुसरा बड्या क्लबचा: तिसरा गोलकीपर, रोज सराव, सामना जवळजवळ कधीच नाही. निवड करायची असेल, तर इंग्लंडच्या कंब्रिया किनाऱ्यावरचे दोघे डोळ्यांसमोर ठेवावेत. जॉन बरिज वर्किंग्टनकडचा, स्कॉट कार्सन जवळच्याच व्हाइटहेवनचा. दोघेही सतत क्लब बदलत राहिले आणि उत्तरार्धात दोघेही मँचेस्टर सिटीत पोचले.

बरिजनं १९६९मध्ये वर्किंग्टनकडून सुरुवात केली आणि पुढे तब्बल २९ क्लब पालथे घातले. इंग्लंड-स्कॉटलंड मिळून लीगचे ७६८ सामने. अॅस्टन व्हिलाबरोबर १९७७चा लीग चषक, हिबर्नियनबरोबर १९९१चा स्कॉटिश लीग चषक. मे १९९५मध्ये वयाच्या ४३व्या वर्षी तो सिटीकडून प्रीमियर लीगमध्ये उतरला. एवढ्या वयाचा खेळाडू त्या लीगमध्ये दुसरा झालेला नाही. मात्र खेळ थांबला आणि तो नैराश्यात गेला, उपचार घ्यावे लागले. हे त्यानं स्वतःच उघडपणे सांगितलं आहे. ज्याचं सगळं आयुष्य पुढच्या सामन्याभोवती फिरतं, त्यानं ही बाजू करारावर सही करण्याआधीच घरच्यांशी बोलून ठेवावी. पुढे ओमानमध्ये प्रशिक्षक असताना बरिजनंच अली अल हब्सी या तरुण गोलकीपरला हेरलं आणि तो मुलगा इंग्लंडच्या प्रीमियर लीगपर्यंत गेला. इतक्या मैदानांवर तावून सुलाखून निघालेली नजर वाया जात नाही.

कार्सनची गोष्ट उलट दिशेनं वाचावी लागते. २००५मध्ये लिव्हरपूलनं चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली तेव्हा तो बाकावर होता. २०२३मध्ये सिटीनं जिंकली तेव्हाही बाकावरच. दोन्ही अंतिम सामने इस्तंबूलच्या एकाच मैदानावर, मध्ये १८ वर्षं. सिटीच्या सहा हंगामांत तो खेळला फक्त दोन सामने. त्यातल्या पहिल्यात, मे २०२१मध्ये न्यूकॅसलविरुद्ध, त्यानं पेनल्टी अडवली, पण परतलेल्या चेंडूवर गोल झाला.

मग सिटीनं त्याला ठेवलं कशाला? प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत इंग्लंड-वेल्सबाहेरच्या क्लबांत घडलेले खेळाडू जास्तीत जास्त १७ चालतात, त्यामुळे इंग्लंडमध्ये घडलेल्या अनुभवी गोलकीपरला किंमत असते. शिवाय सरावात रोज जीव तोडून चेंडू अडवणारा माणूस संघाला लागतोच. हे काम मला कमी प्रतीचं अजिबात वाटत नाही.

पण कार्सन तिथे पोचला तो आधी भरपूर खेळून. नोव्हेंबर २००७मध्ये क्रोएशियाविरुद्ध वेम्बलीवर क्रान्यचारचा लांबून आलेला फटका त्याच्या हातून सुटला, इंग्लंड २-३ हरलं आणि युरो २००८ ही युरोपातल्या देशांची स्पर्धा हुकली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्यानंतर वेस्ट ब्रॉम, तुर्कस्तानातलं बुर्सास्पोर, विगन, डर्बी इथे तो वर्षानुवर्षं खेळत राहिला. अशी चूक बाकावर बसून धुऊन निघत नाही. आपल्याकडे लक्ष्मीकांत कट्टीमणीचं पाहा. २०१५च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात एफसी गोवासाठी खेळताना शेवटच्या मिनिटांत त्याच्याकडून स्वयंगोल झाला आणि हातातला चषक गेला. २०२२च्या अंतिम सामन्यात गोव्यातल्या त्याच फातोर्डा मैदानावर हैदराबादसाठी त्यानं शूटआऊटमध्ये तीन पेनल्टी अडवून संघाला विजेतेपद मिळवून दिलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वय २८च्या आत असेल तर छोटा क्लब घ्या, पगार कमी असला तरी. पस्तिशीच्या आसपास, शरीर कुरकुरत असेल आणि मुलांच्या शाळा सारख्या बदलायच्या नसतील, तर बाक निःसंकोच घ्या. मधल्या वयात भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूचा मार्ग पटण्यासारखा आहे, तो स्वतः तेव्हा विशीतच होता तरी: २०१४मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला, सामने थोडेच मिळाले, पण २०१७मध्ये बंगळुरूला परतून पहिल्या पसंतीचा गोलकीपर झाला. बड्या क्लबशी बोलताना चषकाचे सामने कोण खेळणार आणि हंगामाच्या मध्यात लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे, सोडणार का, एवढं आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.