दांडिया बाजारातली भाषांतर सेवा: कुस्तीचे इंग्रजी मराठीत उतरते का?

वडोदऱ्यात दांडिया बाजारात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत भाषांतर करून देणारी एक छोटी सेवा आहे. दाखले, करारनामे, वारसाहक्काची कागदपत्रे यांसाठी तिथे निर्धास्त जावे. नावे अचूक येतात आणि दिलेली वेळ पाळली जाते. खेळावरचा किंवा वर्तमानपत्री मजकूर असेल, तर पहिला खर्डा जसाच्या तसा छापायला देऊ नये.

कुस्तीतून आलेल्या वाक्प्रचारांनी भरलेला १२०० शब्दांचा इंग्रजी लेख त्यांनी मराठीत केला. दर शब्दामागे २ रुपये, मुदत ४ दिवस, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्याच पैशात. खर्डा तिसऱ्या दिवशीच तयार होता.

पहिली ठेच ‘नो होल्ड्स बार्ड’ला लागली. खर्ड्यात ‘एकही पकड वर्ज्य नसलेली मुलाखत’ असे होते. शब्द बरोबर, वाक्य निरर्थक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेतल्या कुस्त्यांमध्ये कोणत्या पकडी चालतील याच्या अटी आधी ठरत, आणि गळा आवळणारी पकड बहुधा वर्ज्य असे. जिथे काहीच वर्ज्य नाही ती लढत ‘नो होल्ड्स बार्ड’. पुढे तोच शब्द बेधडक चर्चेला, मुलाखतीला, भांडणाला लागला. हे समजावून दिल्यावर दुसऱ्या फेरीत ‘निकाली मुलाखत’ असे लिहून आले, आणि ही चूक पहिलीपेक्षा फसवी आहे, कारण कानाला ती अगदी अस्सल मराठी वाटते. निकाली कुस्ती म्हणजे कोणीतरी चीत होईपर्यंत चालणारी कुस्ती. तिथे बंधन उठते ते वेळेचे, डावांचे नाही. निकाली कुस्तीतही बोटे पिरगाळायला पंच परवानगी देत नाहीत. इथे हवे होते ‘कसलाही मुलाहिजा न ठेवता घेतलेली मुलाखत’. कुस्तीचा शब्द गेला तरी चालेल, अर्थ राहिला पाहिजे.

‘कम टू ग्रिप्स विथ’मध्ये तर अर्थच उलटा झाला. ‘प्रशासन पाणीटंचाईच्या पकडीत आले’ असे छापले असते, तर प्रशासन सापळ्यात अडकले असा बोध झाला असता. मूळ लेखकाला म्हणायचे होते की प्रशासनाने प्रश्नाला हात घातला. मराठीत यासाठी आखाड्यातलाच शब्द आहे: भिडणे. ‘प्रशासन पाणीटंचाईला भिडले’ म्हटले की काम झाले.

‘पिन डाउन’चे त्यांनी ‘मंत्र्यांना चीत करणे अवघड’ असे केले. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकवून धरले की फ्रीस्टाइलमध्ये कुस्ती संपते, म्हणून हा गोंधळ समजण्यासारखा आहे. पण बोलण्यातल्या ‘पिन डाउन’मध्ये हरवणे नसते, नेमके उत्तर वदवून घेणे असते. ‘स्ट्रँगलहोल्ड’ला, म्हणजे गळा आवळणाऱ्या पकडीला, ‘गळफास’ लिहिले होते, तो ‘विळखा’ करून घेतला. गळफासाने माणूस मरतो, तर बाजारावर एखाद्या कंपनीचा विळखा वर्षानुवर्षे टिकतो.

चांगलेही सांगायला हवे. ‘टॅग टीम’चे, म्हणजे आळीपाळीने आखाड्यात उतरणाऱ्या जोडीचे, अलंकारिक रूप त्यांनी ‘आळीपाळीने’ असे सहज उतरवले. ‘थ्रो इन द टॉवेल’ मुष्टियुद्धातला आहे हे ओळखून ‘हात टेकले’ लिहिले, ते फारच छान.

‘हाफ नेल्सन’चा ‘अर्धा नेल्सन’ मात्र करू नये. ते डावाचे नाव आहे, ते तसेच ठेवावे आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडावे: मागून एक हात प्रतिस्पर्ध्याच्या काखेखालून घालून पंजा त्याच्या मानेवर दाबायचा. दोन्ही हातांनी तेच केले की फुल नेल्सन. टंकलेखनात ‘डाव’ऐवजी गुजराती वळणाचा ‘दाव’ चार ठिकाणी होता. या शहरात हे होणारच, पण छपाईपूर्वी तेवढा एक शब्द शोधून तपासावा.

काम देताना सोबत एक वेगळा कागद द्यावा. त्यावर प्रत्येक वाक्प्रचार पूर्ण वाक्यासह लिहावा आणि तो खऱ्या कुस्तीबद्दल आहे की अलंकारिक, ते समोर नोंदवावे. एवढे केले असते तर पहिली फेरी वाचली असती. डावांच्या नावांसाठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा बडोद्यातच निघालेला मराठी कोश पाहायला सांगावे. जुम्मादादा व्यायाम मंदिर ही जुनी तालीम आणि तिचे व्यायामगुरू माणिकराव यांच्या शहरातल्या भाषांतरकाराच्या टेबलावर तो नसावा, हे खटकते. अंतिम मजकूर ते समोर बसून मोठ्याने वाचून दाखवतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. त्या वेळी कुस्ती जाणणारा एखादा माणूस सोबत न्यावा.