६५० रुपयांचं कॅमेरा रेन कव्हर, परतीच्या पावसात वापरून बघितलं

जून-जुलैच्या पावसाचं एक बरं असतंय, तो पडणारच हे माहीत असतंय, त्यामुळं कॅमेरा झाकूनच न्यायचा, विषय संपला. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस म्हणजे नुसता बिनभरवशाचा, दुपारपर्यंत डोकं तापवणारं ऊन आणि चार वाजले की कुठनं तरी काळं ढग चढून येतंय. आणि फोटो नेमके त्याच अर्ध्या तासात असतात! म्हणून ऑनलाइन हे कव्हर मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, असलीच कव्हरं दहा नावांनी मिळतात.

राखाडी नायलॉन, मागं बघायला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, हात घालायला दोन बाह्या, पुढं लेन्सच्या तोंडावर आवळायची दोरी. ७०-२०० मिमीच्या लांब लेन्सपर्यंत बसतंय म्हणून लांबलचक केलंय, त्यामुळं माझ्या २४-७० च्या आखूड लेन्सवर घातलं की पुढं झोळच झोळ, आणि वारं सुटलं की ते सगळं फडफडतंय.

मागच्या रविवारी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलतो. सोनकीची पिवळी फुलं अजून होती, गवत वरनं पिवळं पडायला लागलेलं, बुडात हिरवं. साडेचारला पन्हाळ्याच्या बाजूनं ढग आलं आणि सरळ ओतायलाच लागला. पाऊस अडवायच्या बाबतीत कव्हर भारी आहे, वीस मिनिटं चांगला झोडपला तरी बॉडीवर थेंब नाही, फक्त उजव्या बाहीच्या शिवणीतनं जरा ओल आली. पण घालायलाच दीड-दोन मिनिटं जातात राव, बाही कुठली, दोरी कुठली, तोपर्यंत आपण भिजलेलो.

खरी गंमत पुढं झाली. पाऊस पडतोय आणि मागनं, पश्चिमेकडनं, ऊन आलं. समोर पन्हाळा उजळलेला, त्याच्यामागं काळंकुट्ट आभाळ आणि त्यावर इंद्रधनुष्य! मित्र ओरडतोय 'घे घे', आणि मला व्ह्यूफाइंडरमध्ये इंद्रधनुष्यच दिसंना. डोळ्यांना दिसतंय, कॅमेऱ्यात नाही. झालतं काय, ओल्या गवतावरची चमक मारायला मी पोलरायझर (लेन्सपुढं लावायचा, चमक कापणारा फिरता फिल्टर) लावलेला, तो फिरवायला सोपं जावं म्हणून हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं, काढलेलं, त्यामुळं दोरी नेमकी पोलरायझरच्या रिंगवर आवळली गेली आणि आवळताना रिंग फिरली. इंद्रधनुष्याचा उजेड पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याच्या लाटा जास्त करून एकाच दिशेत हलतात, त्यामुळं फिल्टर चुकीच्या कोनात गेला की ते पुसल्यासारखं होतंय. दोरी सोडून रिंग फिरवेपर्यंत ऊन गेलं. ह्यात अर्धी चूक माझी आहे, हूड लावून दोरी हूडवरच बांधायची आणि रिंग समोरनं बोट घालून फिरवायची, पण पाकिटावर एक ओळ लिहायला कंपनीचं काय जात होतं?

मित्राकडं कव्हर नव्हतं. साडीची पारदर्शक पिशवी, बुडाला भोक पाडून हूडवर रबरानं बसवलेली. वीस सेकंदात तयार, त्याला फोटो मिळाला.

अजून एक, पाऊस थांबून ऊन पडलं की ह्या कव्हरात आतनं वाफ धरते, खिडकी पांढरी होते, स्क्रीन दिसत नाही. पाऊस थांबला की लगेच काढायचं, आणि ओल्या कव्हरासकट कॅमेरा बॅगेत कोंबायचा नाही, नाहीतर बुरशी लेन्समध्येच घर करते. मी घरी आल्यावर सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवतो. आणि वीज कडाडायला लागली की फोटो राहू दे, ट्रायपॉड गुंडाळून खाली गाडीत जाऊन बसायचं, कारण सपाट पठारावर सगळ्यात उंच तुम्हीच असताय.

जुलैत एका जागी तासभर उभं राहून धबधबा काढायचा असेल तर हे कव्हर घ्या, पैसे वसूल आहेत. ऑक्टोबरसाठी पाचातले दोन. मी परत केलं नाही, पण पुढच्या रविवारसाठी आईच्या कपाटातनं साडीच्या दोन पिशव्या काढून बॅगेत टाकल्यात, तिला अजून सांगितलेलं नाही.