पाळणाघराच्या फीचं ‘सरकारी अनुदान’: आमचे ८१,००० रुपये कसे गेले

पाळणाघराची निम्मी फी सरकार थेट खात्यात जमा करतं, असा मेसेज तुमच्या पालकांच्या ग्रुपवर आला असेल तर तो डिलीट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, पाठवणाऱ्याचा नंबर लिहून ठेवा आणि त्यातल्या कुठल्याही लिंकला किंवा फाइलला हात लावू नका. असाच मेसेज आमच्याकडे आला आणि आमचे ८१,००० रुपये गेले.

आम्ही चिंचवडला राहतो. नवरा चाकणला कंपनीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मी एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. मुलगी दोन वर्षांची आहे, सासूबाई गावी असतात आणि त्यांना प्रवास झेपत नाही. म्हणजे पाळणाघराला पर्याय नाही. फी महिन्याला ६,५००, संध्याकाळी उशीर झाला की वर वेगळे. घराच्या हप्त्याखालोखाल आमचा मोठा खर्च हाच. ही गरज या लोकांना नेमकी ठाऊक असते, आणि त्यांचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

सुरुवात फोनवरून झाली नाही. आधी एक माणूस पाळणाघरात येऊन गेला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंना म्हणाला, “तुमच्याकडची नोंद झाली की सगळ्या पालकांना अनुदान सुरू होईल, तुमचीही मुलं वाढतील.” काकूंनी भल्या मनानं त्याला रजिस्टर दाखवलं. मुलांची नावं, जन्मतारखा, आईवडिलांचे नंबर, कोण किती फी भरतं, सगळं त्यानं मोबाइलवर टिपलं. त्यानं दिलेली योजनेच्या पत्राची पीडीएफ काकूंनीच ग्रुपवर टाकली. त्यामुळे नंतर जेव्हा फोन आला, तेव्हा समोरच्याला माझ्या मुलीचं नाव माहीत होतं, तिचा वाढदिवस माहीत होता, फी किती तेही माहीत होतं. अनोळखी माणूस एवढं कसं जाणेल, असंच कुणालाही वाटेल.

त्या पत्रावर वर राजमुद्रा होती. खाली ‘महिला व बाल विकास मंत्रालय’, ‘मिशन शक्ती’ आणि ‘पालना योजना’. ही सगळी नावं खरी आहेत! मंत्रालय आहे, मिशन शक्ती हा महिलांसाठीचा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे, पालनाही आहे. इंटरनेटवर शोधलं तर सरकारी पानंच समोर येतात आणि खात्री पटते. खोटं होतं ते फक्त मधलं एक वाक्य: नोकरदार पालकांना फीच्या ५० टक्के रक्कम दरमहा बँक खात्यात. त्याच पत्रात पुढे ‘बालसंगोपन अंतर्गत २,२५० रुपये अतिरिक्त’ असंही जोडलं होतं. म्हणजे दोन खऱ्या योजनांची नावं घेऊन तिसरीच खोटी योजना तयार केली होती.

म्हणून या योजना प्रत्यक्षात काय आहेत ते नीट सांगते, कारण तेवढं माहीत असलं तर पत्र पहिल्या वाचनातच उघडं पडतं. पालना म्हणजे आधीची राष्ट्रीय पाळणाघर योजना. २०२२ पासून ती मिशन शक्तीच्या ‘सामर्थ्य’ या भागात आली. तिच्यात ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली जातात, काही स्वतंत्र, तर काही अंगणवाडीला जोडलेली. तिथे मुलांची झोप, खाणं, वजन-उंचीची नोंद, शाळेआधीचं शिकवणं यांची सोय असते. पैसा ही पाळणाघर केंद्रं चालवायला जातो. तुम्ही खासगी पाळणाघरात भरलेली फी ही योजना कुणालाही परत देत नाही. आपल्या भागात असं केंद्र आहे का, हे अंगणवाडी सेविकेला किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारायचं. त्यासाठी कुणाला पैसे द्यायचे नसतात.

बालसंगोपन योजनेचे २,२५० रुपये खरे आहेत, पण ते अनाथ, एकच पालक असलेल्या किंवा घरात गंभीर संकट असलेल्या मुलांसाठी. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी होते, बालकल्याण समितीचा आदेश लागतो. दोघं नोकरी करतात एवढ्यावर ते कुणालाही मिळत नाहीत. आईवडिलांपैकी एक गमावलेल्या लेकरांच्या हक्काच्या पैशाचं नाव वापरून हे लोक लुटतात, हे लिहितानाही हात थरथरतो.

पुढचं थोडक्यात. फोनवरची बाई अदबीनं बोलत होती. “मॅडम, अर्ज मंजुरीच्या टप्प्यावर आहे, १,४९९ रुपये छाननी शुल्क भरा, पहिल्या हप्त्यासोबत परत येतील.” यूपीआयवर नाव एका खासगी व्यक्तीचं दिसत होतं. विचारल्यावर उत्तर तयार होतं: खातं ऑपरेटरचं आहे, रक्कम नंतर ट्रेझरीत वर्ग होते. पैसे भरल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर केवायसीसाठी एपीके फाइल आली, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल. फोननं धोक्याची सूचना दाखवली, तेव्हा ती बाई लाइनवरच होती. म्हणाली, नवीन सरकारी अ‍ॅप आहे, प्ले स्टोअरवर यायला वेळ लागतो, परवानगी देत जा. त्या अ‍ॅपनं एसएमएस वाचायची परवानगी घेतली आणि हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या फॉर्मवर खात्याचा आणि डेबिट कार्डाचा तपशील भरून घेतला.

रात्री तीन व्यवहारांत पैसे गेले. ओटीपीचे मेसेज माझ्या फोनवर दिसलेच नाहीत, ते परस्पर तिकडे वळत होते. सकाळी रिक्षाचे पैसे देताना ‘शिल्लक अपुरी’ आलं तेव्हा कळलं.

इथून पुढचं ज्यांच्यासोबत हे आत्ता घडलंय त्यांनी लक्ष देऊन वाचा. सगळ्यात आधी फोनचं नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. ही देशभराची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिथे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम विचारतात, म्हणून स्टेटमेंट समोर ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात. तक्रार लवकर नोंदली तर वाटेतल्या बँकेला ते थांबवता येतात. आमचे १९,००० रुपये असेच एका खात्यात अडकवले गेले. बाकीचे तोवर एटीएममधून काढले होते. अडकलेली रक्कम आपोआप परत येत नाही, त्यासाठी वेगळी प्रक्रिया करावी लागते, आमची ती अजून चालू आहे.

बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला याबद्दल परिपत्रक काढलं, त्यातला नियम असा. ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि ग्राहकानं ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. मात्र माहिती ग्राहकानंच दिली असं बँकेनं ठरवलं, तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. आमच्या बँकेनं दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. तरीही लगेच कळवल्याचा फायदा झाला. त्याच दिवशी दुपारी आणखी एक व्यवहार करायचा प्रयत्न झाला आणि तो अडला, कारण खातं गोठवलेलं होतं.

आधार, पगाराची पावती आणि पासबुकचे फोटोही त्यांच्याकडे गेले होते. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, आपल्या नावावर कुणी कर्ज उचललं नाही ना हे क्रेडिट रिपोर्टमध्ये बघितलं, आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत तेही तपासलं. फोन पूर्ण रीसेट केला. मुलीचा जन्मदाखलाही त्यांच्याकडे आहे आणि त्यावर मला काहीच करता येत नाही, याची काळजी अजून जात नाही.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन आला. “सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सुटली आहे, ४,००० रुपये भरा.” त्याच्याकडे आमचा तक्रारीचा विषय आणि रक्कम दोन्ही होतं. पैसे सोडवायला पोलीस यूपीआयवर शुल्क मागत नाहीत. एकदा लुटलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात असं ठाण्यातल्या हवालदारांनीच सांगितलं.

मदत अजिबातच नाही असं मात्र नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं, आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. माझ्या ऑफिसात ५० पेक्षा जास्त लोक आहेत आणि याविषयी कुणी कधी बोललेलं नव्हतं. आता आम्ही काही जणींनी एचआरला लेखी विचारलं आहे. केंद्र सरकारच्या सेवेतल्या दिव्यांग महिलांना मूल दोन वर्षांचं होईपर्यंत बालसंगोपनासाठी महिना ३,७५० रुपयांचा विशेष भत्ता आहे, पण तो पगारातून, आपल्या कार्यालयामार्फत मिळतो. काही कंपन्या स्वतःहून पाळणाघर भत्ता देतात, तोही पगारातच. खासगी नोकरीतल्या पालकांच्या खात्यात पाळणाघराची फी टाकणारी केंद्राची किंवा महाराष्ट्राची योजना नाही.

आमच्या ग्रुपमधल्या आणखी काही जणींचे पैसे गेलेत. कुणाचे फक्त १,४९९, कुणाचे बरेच जास्त. त्यातल्या दोघींनी घरी बोलणी बसतील म्हणून तक्रारच केलेली नाही. ताईंनो, १,४९९ ची तक्रारही घेतात. त्याच नंबरवर, त्याच यूपीआय खात्यावर जितक्या तक्रारी जमतील तितकी पोलिसांना ती साखळी जोडणं सोपं जातं. ठाण्यात जायचं नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर घरी बसून नोंदवता येते, स्क्रीनशॉट तिथेच जोडता येतात. आणि पाळणाघर चालवणाऱ्या काकू, मावशी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती: मुलांचं रजिस्टर कुणालाही दाखवू नका, ओळखपत्र गळ्यात असलं तरी. आधी प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात फोन करून त्या माणसाचं नाव विचारा.