डोंगरवाटेवर कोणते पक्षी-पुस्तक न्यावे: जाडे की पातळ?

कोकणातून सह्याद्री चढणाऱ्याला पक्ष्यांचे पुस्तक सोबत हवे असेल, तर निवड बहुधा दोन प्रकारांतच होते. एक, संपूर्ण भारतीय उपखंडाचे, रंगवलेल्या चित्रांचे जाडे पुस्तक; दुसरे, पश्चिम घाट आणि किनारपट्टीपुरते, छायाचित्रांचे पातळ पुस्तक. मी दोन्ही वापरली आहेत आणि दोन्ही अजून माझ्या कपाटात आहेत.

ओळख पटवण्याच्या बाबतीत चित्रांचे पुस्तक सरस आहे, हे मान्य करायला हवे. मलबारी कर्ण्याचा नर लाल पोटामुळे कोणालाही कळतो, पण तपकिरी अंगाची मादी बहुतेक छायाचित्रकारांना आकर्षित करत नसावी; कारण पातळ पुस्तकात तिला जेमतेम जागा मिळते. धनेशाचेही तेच. देवरुख-संगमेश्वर परिसरातल्या देवरायांवरून धनेश जातो तो उडत, आणि आपण पाहतो ते खालून. महाधनेशाची पिवळसर मान, पंखावरचा रुंद पांढरा पट्टा व पांढऱ्या शेपटीवरची काळी पट्टी, आणि त्याच्या शेजारीच मलबारी कवड्या धनेशाची काळी मान व शेपटीच्या कडेची पांढरी पिसे, असे चित्रकार एकाच पानावर मांडू शकतो. छायाचित्रातला धनेश मात्र उंबरावर निवांत बसलेला असतो.

असे असूनही मी डोंगरात पातळ पुस्तकच नेतो, आणि त्याचे कारण काहींना क्षुल्लक वाटेल. माझ्याकडच्या जाड्या पुस्तकात चित्रे एकीकडे आणि सविस्तर माहिती दुसरीकडे आहे. चित्र सापडले की क्रमांक लक्षात ठेवायचा, मग शेकडो पाने उलटून मजकूर शोधायचा, शंका आली की पुन्हा चित्राकडे यायचे. घरी, टेबलावर, यात काही अडचण नाही. पण तिबोटी खंड्या कोकणात विणीसाठी येतो तोच मुळी पावसाच्या तोंडावर, आणि त्या दिवसांत एका हातात छत्री असते, पायाखाली निसरडी वाट असते, गुळगुळीत आर्ट पेपरची ओली पाने एकमेकांना चिकटतात. एका पक्ष्यासाठी पुस्तक तीनदा उघडायचे म्हणजे ते तीनदा भिजवायचे. पातळ पुस्तकात छायाचित्र आणि माहिती समोरासमोर आहे. एकदा उघडले, पाहिले, पिशवीत टाकले. माझ्या अनुभवात मुक्कामी पोहोचेपर्यंत याच एका फरकाने बराच वैताग वाचतो.

मोबाइलवरच्या अ‍ॅपचा पर्याय आहेच. आवाजावरून पक्षी सुचवणारे अ‍ॅप आधी माहितीसंच उतरवून घेतल्यास रेंज नसतानाही चालते, आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पर्णवटवट्यांच्या बाबतीत ते दोन्ही पुस्तकांपेक्षा उपयोगी ठरू शकते. मात्र ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि ओढ्याच्या खळखळाटात आवाजही नीट टिपला जात नाही.

केवळ हिवाळ्यात, कोरड्या वाटांनी फिरणाऱ्याने जाडे पुस्तक घेतले तर मी आग्रहाने अडवणार नाही; स्थलांतरित पक्षी त्याच काळात येतात आणि त्यांच्यासाठी चित्रे जास्त कामाची आहेत. जून ते सप्टेंबर बाहेर पडणाऱ्याने मात्र दुकानातच कोणतेही एक पान उघडावे, आणि पान न उलटता त्या पक्ष्याचा आकार, अधिवास व आवाज वाचता येतो का, ते पाहूनच पैसे द्यावेत.